उसवलेली बाही

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. पेंच परिसरातील पारशिवनीतही असा कडाका फार दिवस टिकत नाही. म्हणून तेथील हौशी विणकाम मुदतीचेच ठरते. दिवाळीनंतर घातलेले टाके संक्रांतीपूर्वी स्वेटर होऊन नातवाच्या अंगावर चढले नाहीत, तर पुढच्या हिवाळ्यात तो आखूडच व्हायचा.

पाठ आणि पुढचा भाग भराभर होतात. घोडे अडते बाह्यांशी. लोकर संपते. त्याच रंगाचा म्हणून आणलेला नवा गुंडा उन्हात वेगळाच दिसतो. ठाणाचा लॉट डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या व्यापाऱ्याच्या घरी लोकरीच्या वेष्टनावरील लॉट क्रमांक मात्र कोणी वाचत नाही, हे नवलच!

त्याहून मोठा छळ मापाचा. आधी लहानसा नमुना विणून टाके मोजण्याचा कंटाळा केला आणि इंचाला सहाऐवजी पाचच टाके बसले, तर १८० टाक्यांचा ३० इंची घेर ३६ इंची होतो. मग उसवण्यावाचून गत्यंतर नाही. उसवलेली लोकर कुरळी राहते. लडी करून कोमट पाण्यात भिजवून वाळवली की पुष्कळशी सरळ होते.

आखूड झालेल्या स्वेटरचा मात्र इलाज आहे. खालची पट्टी सोडवून टाके सुईवर घ्यावेत आणि दोन इंच पुढे विणावे. रंग थोडा वेगळा दिसला, तरी नातवाची तक्रार नसते.