पिनकोड पुसलेली गाणी

2024च्या ऑगस्टमध्ये बिग बॉस ओटीटीच्या तिसऱ्या पर्वाचा निकाल लागला आणि कुर्ल्याचा रॅपर नेझी उपविजेता ठरला. त्याच्या कमाईबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. कलावंताने गरीबच राहावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी स्वतः फारशी गरिबी पाहिलेली नसते. तरीही ती बातमी मनाला लागली. ज्या मुलाने दहा वर्षांपूर्वी ‘आफत’ हे गाणं करून या शहराचे कान उघडले, त्याला आता एका बंद घरात तो कुणाशी कसा वागतो यावर मतं पडत होती.

हिंदी रॅपचा त्याआधीचा इतिहास मला लांबवायचा नाही. 1992मध्ये बाबा सेहगलचा ‘ठंडा ठंडा पानी’ आला, थट्टामस्करीचा रॅप. मग मुंबईच्या कॉलेजांतली मुलं अमेरिकन उच्चारांसकट इंग्रजीत रॅप करू लागली. मग हनी सिंग: दारू, गाडी, पोरगी. पुढे.

माझं दशक सुरू होतं 2013पासून. अंधेरीच्या जे. बी. नगरचा व्हिव्हियन फर्नांडिस, म्हणजे डिव्हाइन, आधी इंग्रजीत रॅप करायचा. तो हिंदीकडे वळला आणि त्याने ‘ये मेरा बॉम्बे’ केलं. पुढच्या वर्षी कुर्ल्याच्या नवेद शेखने, म्हणजे नेझीने, वडिलांनी घेऊन दिलेल्या आयपॅडवर ‘आफत’चा व्हिडिओ काढला. बीट इंटरनेटवरून उतरवलेला होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण हल्लीच्या रॅपबद्दल पहिली तक्रार असते ती ‘सगळ्यांचे बीट सारखेच’ अशी. मला ती पटत नाही. ‘आफत’चा बीटही उसनाच होता, त्यावरचं बोलणं मात्र अस्सल कुर्ल्याचं होतं. बाजारालाही सगळा दोष देता येत नाही. 2015मध्ये दोघांनी मिळून केलेलं ‘मेरे गली में’ सोनी म्युझिकनेच काढलं, आणि त्याचा बीट होता दिल्लीच्या सेझचा.

मग त्या गाण्यांत वेगळं काय होतं? पत्ता होता. नेझी ‘बॉम्बे 70’चा, म्हणजे 400070. डिव्हाइन 59चा. पुढे 2019मध्ये धारावीच्या एमसी अल्ताफने गाण्याचं नावच ‘कोड मुंबई 17’ ठेवलं. जो पत्ता सांगितल्यावर मुलाखत घेणाऱ्याचा चेहरा बदलतो, तोच ही मुलं छाती काढून पहिल्या ओळीत सांगत होती. पाण्याची रांग, चौकीतली रात्र, मित्राची उधारी, आईचा ओरडा असं सगळं मागोमाग यायचं, कारण पत्ता एकदा सांगितला की खोटं बोलता येत नाही. गल्लीतली माणसं ऐकत असतात. सायफरमध्ये पोरं गोल करून उभी राहायची, एकाचं संपलं की दुसरा उचलायचा, आणि ओळ पोकळ निघाली की समोरचा तिथल्या तिथे तोंड फिरवायचा. जमलेल्या माणसांपुढे उभ्याने गाणाऱ्या शाहिराला हीच परीक्षा असायची.

आपल्या साहित्यिक मंडळींनी मात्र त्या काळात या पोरांकडे ढुंकून पाहिलं नाही. अण्णाभाऊ साठ्यांवर व्याख्यानं देणारे लोक मला सांगायचे की ही कविता नव्हे, हे नुसतं ओरडणं आहे. इंग्रजी साप्ताहिकांनी दखल घेतली ती झोपडपट्टीच्या फोटोंसाठी. दोघांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. खुद्द त्या दशकातही सगळं चांगलं नव्हतं. कल्याणमध्ये वाढलेली रॅपर डी एमसी सोडली तर गोलात बाई क्वचितच दिसायची, आणि पोरांना त्याचं काही वाटायचं नाही.

माझ्या लेखी त्या दशकाचा कळस म्हणजे ‘स्वदेसी’ हा रॅपरांचा गट. एमसी मवाली आणि एमसी तोडफोड ही त्यातली पोरं विवेक राजगोपालन यांच्याकडे बसून कोन्नक्कोल शिकली. मृदंगाचे बोल तोंडाने म्हणायची ही दाक्षिणात्य पद्धत त्यांनी रॅपच्या श्वासात मुरवली. तोडफोड गुजरातीतही रॅप करायचा. 2019मध्ये त्यांनी ‘वारली रिव्होल्ट’ केलं, त्यात आरेच्या पाड्यावरचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांवर झाडं कापली गेली. हे गाणं मी आजही ऐकतो. मौलिकता म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी तेच लावून देतो.

2019च्या फेब्रुवारीत याच गल्लीतल्या रॅपवरचा ‘गली बॉय’ आला. चित्रपट चांगला होता, तेरा फिल्मफेअर पुरस्कारही मिळाले. पण जेएनयूतल्या आझादीच्या घोषणांमधला मनुवादाचा उल्लेख पडद्यावरच्या गाण्यात उरला नाही, आणि राग कुणावर आहे तेच धूसर झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एमटीव्हीवर ‘हसल’ ही रॅपची स्पर्धा सुरू झाली. आता गोलातल्या पोरांच्या जागी परीक्षक बसले, आणि त्यांना कुर्ला काय नि कोथरूड काय. पत्ता पुसला गेला तो इथेच. गाणं देशभर चालायचं तर कुठल्याही शहरात खपेल असा मजकूर हवा: साखळी, गाडी, जळणारे शत्रू, माझी मेहनत. नव्या गाण्यांची यादी लावून बसलो की पाच-सहा गाणी होतात, तरी मुलगा इंदूरचा आहे की ठाण्याचा ते कळत नाही. शब्द पूर्वीपेक्षा वेगाने पडतात, यमकं सफाईने जुळतात, आवाज उत्तम मुद्रित झालेला असतो. आणि सांगण्यासारखं काही नसतं.

2022च्या मार्चमध्ये तोडफोड गेला. चोवीस वर्षांचा होता. त्याचं खरं नाव धर्मेश परमार. बहुतेक बातम्यांच्या मथळ्यांत त्याची ओळख होती ‘गली बॉयमधला रॅपर’ अशी. ‘स्वदेसी’चं काम मथळ्यात मावलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

2023च्या फेब्रुवारीत पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन बिग बॉस जिंकला. त्याच्या सुरुवातीच्या गाण्यांत पुण्याच्या वस्तीतली जी हिंदी आहे, ती त्याच्याआधी मी कुणाच्या गाण्यात ऐकली नव्हती. टीव्हीवर चर्चा झाली ती त्याच्या साखळीची आणि बुटांच्या किमतीची. आणि दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर पोलिसांत गुन्हे दाखल झाले. एकाने खोक्यांच्या राजकारणावर रॅप केला होता, दुसऱ्याने जनतेच्या लुबाडणुकीवर. दोन्ही गाणी मराठीत होती, साध्या बीटवर होती, आणि कोण कुणाला का सुनावतंय हे शेवटच्या माणसालाही कळत होतं. त्या गुन्ह्यांच्या राजकीय बातम्या भरपूर आल्या. पण त्या रॅपची रचना, त्यातली भाषा, त्याचं शाहिरीशी नातं यावर एखाद्या मराठी मासिकाने चार पानं द्यावीत म्हणून मी तेव्हा वाट पाहत होतो, आणि अजून पाहतो आहे.