सभागृहाचे दार उघडे आहे, आत जाणार कोण?

'जालना सोने का पालना' अशी आमच्या शहराची जुनी ख्याती. हा सोन्याचा पाळणा कुणाच्या घरात हलला, हा वाद आज बाजूला ठेवू. आमचा प्रश्न साधा आहे. आमच्या वस्तीत नळाला पाणी कितव्या दिवशी येणार, नाली कुठून काढणार, दलित वस्ती सुधारणेसाठी आलेल्या निधीतून समाजमंदिर होणार की दुसऱ्याच कुणाच्या दारापुढचा रस्ता, हे ठरते कुठे? ते ठरते महापालिकेच्या सभागृहात. त्या सभागृहात प्रेक्षक म्हणून आमच्यापैकी किती जण एकदा तरी जाऊन बसले आहेत, असे कुणी विचारले तर मात्र आमची मान खाली जाते.

मोर्चा काढणे आमच्या समाजाला शिकवावे लागत नाही. निवेदन द्यायचे, घोषणा द्यायच्या, साहेबांनी 'बघतो' म्हटले की परत यायचे, हेही अंगवळणी पडले आहे. पण आम्ही फाटकाबाहेर घोषणा देत असतो तेव्हा आत विषयपत्रिका वाचली जात असते. 'मंजूर, मंजूर' म्हणत वीस-पंचवीस विषय तासाभरात उरकता येतात. शेवटी येतात ते आयत्या वेळचे विषय. विषयपत्रिकेत त्यांचा पत्ता नसतो, आणि जे लोकांपुढे येऊ नये ते घुसवायला हीच वाट सोयीची असते. ज्याच्या वस्तीचा प्रश्न आहे त्याला सहा महिन्यांनी कळते की ठराव झाला, निधी दुसरीकडे वळला.

कायदा काय सांगतो? जालन्याची नगरपालिका 1965 च्या नगरपरिषद कायद्याखाली होती. 2023 मध्ये महानगरपालिका झाली आणि 1949 चा महानगरपालिका अधिनियम लागू झाला. या अधिनियमाप्रमाणे महिन्यातून किमान एक सर्वसाधारण सभा झाली पाहिजे आणि ती जनतेला खुली असली पाहिजे. एखाद्या विषयावरची चर्चा बंद दाराआड करायची असेल तर उपस्थित सदस्यांच्या बहुमताने तसा ठराव करावा लागतो. प्रेक्षकाला तिथे बोलता येत नाही, गोंधळ घातला तर बाहेर काढता येते. पण शांतपणे बसून ऐकणाऱ्याला, वहीत टिपून घेणाऱ्याला आत सोडणे ही कुणाची मेहरबानी नाही.

हा हक्क वापरला नाही तर काय होते, तेही जालन्याने पाहिले आहे. 2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या मंडळाची पाच वर्षे संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. सभागृहाचे सारे अधिकार एका खुर्चीत आले. ठराव होत राहिले, पण सभा नव्हती. त्यामुळे सभेचे दार उघडे की बंद, हा प्रश्नच उरला नाही. महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती 15 जानेवारी 2026 रोजी. एवढा काळ शहराला सभागृह नव्हते, आणि आमच्या किती बैठकांत त्यावर चर्चा झाली? सभागृह असताना तिथे न जाणाऱ्यांना ते गेल्याचे दुःख कसे होणार?

गावाची गोष्ट पाहा. भोकरदन, मंठा, घनसावंगीच्या खेड्यातल्या शेतमजुराला ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार वेळा ती भरलीच पाहिजे आणि तिथे तो सरपंचाला तोंडावर हिशेब विचारू शकतो. खेड्याबद्दल बाबासाहेबांना भाबडे प्रेम नव्हते. ग्रामसभेत आमच्या माणसाचा आवाज कसा दाबला जातो हेही आम्ही जाणतो. तरीही तिथे बोलण्याचा हक्क आहे. तोच मजूर पोटासाठी जालन्यात, स्टीलच्या कारखान्यात येतो आणि तो हक्क गावीच सोडून येतो. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांना वॉर्ड समित्या बंधनकारक केल्या. 2011 च्या जनगणनेत जालना शहर 2,85,577 वर थांबले, म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडे. राज्याने 2009 मध्ये शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली. ती राज्यभर कागदावरच राहिली.

ठराव कागदावर राहणे म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगायला नको. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो कागदावर पडून होता. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह तळ्याचे पाणी प्राशन केले तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने सभा घेऊन तो ठराव रद्द केला! पुढे न्यायालयाची लढाई 1937 पर्यंत चालली. महाडचा संगर आम्ही दरवर्षी आठवतो. पण नगरपालिकेच्या सभेत हात वर होतात आणि माणसाचे पाणी तोडले जाते, हा त्याच इतिहासातला धडा आम्ही वाचायचा राहून जातो.

मग करायचे काय? 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने, आपल्या कोणत्या समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत आणि कोणती इतिवृत्ते लोकांना पाहता येतात, हे कुणी न मागता जाहीर करायचे आहे. तसे केले नसेल तर दहा रुपयांचा अर्ज आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेवढेही लागत नाहीत. राज्य शासनाच्या नोव्हेंबर 2018 च्या परिपत्रकाने महापालिकांसह स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्यास सांगितले आहे. सोळा सदस्यांच्या स्थायी समितीत निविदांचे विषय मंजूर होतात, म्हणून तिची इतिवृत्ते आधी पाहावीत.

आमची सूचना छोटी आहे. प्रत्येक वस्तीने दोन माणसे नेमावीत, त्यात एक बाई असावी, कारण पाण्याची वाट तीच पाहते. सभेच्या आधी विषयपत्रिका मिळवावी, सभेत गॅलरीत बसावे, आमचा नगरसेवक कोणत्या विषयावर बोलला आणि कोणत्या विषयावर गप्प बसला ते लिहून घ्यावे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर ते सर्वांसमोर वाचावे. निळा झेंडा लावून निवडून आलेल्यालाही यातून सूट देऊ नये.

पहिल्या वेळी शिपाई विचारील, 'तुमचे काय काम?' त्याला शांतपणे सांगावे, सभा ऐकायला आलो आहोत. आणि बसावे.