‘बाबा, लवकर या’: हिटलरसाठी लढायला नकार देणारा शेतकरी आणि त्याच्या घरची पत्रं

तीन लहान मुली उभ्या आहेत. समोर एक पाटी, त्यावर लिहिलंय, ‘लाडक्या बाबा, लवकर या!’

१९४३ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका शेतकरी बाईने आपल्या मुलींचा हा फोटो नवऱ्याला पाठवला. नवरा आघाडीवर नव्हता, तर हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला म्हणून तुरुंगात होता. एक सही केली असती तर तो जिवंत राहिला असता. त्याने ती केली नाही.

त्याचं नाव फ्रान्झ येगरश्टेटर आणि तिचं फ्रान्झिस्का. सैन्यातून, तुरुंगातून आणि शेतावरून दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं आज पुस्तकरूपात उपलब्ध आहेत. गुन्हेगार ठरवलेल्या सैनिकाच्या घरी युद्धाच्या काळात काय चाललं होतं, ते या पत्रांमधून कळतं.

कोण होता हा फ्रान्झ?

सेंट राडेगुंड हे ऑस्ट्रिया-जर्मनी सीमेवरचं छोटंसं खेडं. हिटलरचं जन्मगाव ब्राउनाऊ याच जिल्ह्यात आहे. फ्रान्झचा जन्म इथे २० मे १९०७ रोजी झाला. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं आणि वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. पुढे आईने येगरश्टेटर नावाच्या शेतकऱ्याशी लग्न केलं. त्याने फ्रान्झला दत्तक घेतलं आणि शेतीही त्याच्याच नावावर आली.

तरुणपणी फ्रान्झ तसा रंगेल गडी. गावात पहिली मोटरसायकल त्याने आणली. ९ एप्रिल १९३६ रोजी त्याचं फ्रान्झिस्काशी लग्न झालं आणि दोघं थेट रोमला गेले. त्या काळातल्या शेतकऱ्यांच्या मानाने हे जरा जास्तच होतं. दोघंही श्रद्धाळू कॅथलिक. पुढच्या चार वर्षांत त्यांना तीन मुली झाल्या.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया ताब्यात घेतला. १० एप्रिलला त्यावर सार्वमत झालं. गावात ‘नाही’ म्हणणारा फ्रान्झ एकटाच होता. पण वर कळवताना गावाने शंभर टक्के ‘हो’ म्हटल्याचं सांगण्यात आलं.

मग तो सैन्यात गेला कसा?

१९४० मध्ये त्याला बोलावणं आलं. तो गेला आणि त्याने सैनिकाची शपथही घेतली. तेव्हा धाकटी मुलगी जेमतेम महिन्याची होती.

गावच्या महापौराने रदबदली केली आणि फ्रान्झ काही दिवसांतच घरी आला. ऑक्टोबरमध्ये त्याला पुन्हा बोलावलं. यावेळी एन्स इथे अनेक महिने प्रशिक्षण घेऊन तो एप्रिल १९४१ मध्ये परतला.

हे शक्य झालं एका सवलतीमुळे. युद्ध चालवायला सैनिक लागतात, पण सैनिकांना धान्यही लागतं. म्हणून काही शेतकऱ्यांना ‘शेतीसाठी अत्यावश्यक’ ठरवून घरी ठेवलं जायचं. फ्रान्झ त्यातलाच एक.

पण सैन्य आतून पाहिल्यावर त्याचं मत पक्कं झालं. इतर देशांवर हल्ले करणाऱ्या या युद्धात भाग घेणं म्हणजे पाप, आणि पुन्हा बोलावलं तर लढायचं नाही. त्याने लिंझच्या बिशपचीही भेट घेतली. बिशपने सल्ला दिला की बायकामुलांचा विचार कर. गावातले लोक, नातेवाईक, पाद्री, जवळपास सगळ्यांचं हेच म्हणणं होतं.

नकार म्हणजे पळून जाणं का?

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. तुकडी सोडून पळणारा सैनिक म्हणजे पळपुटा. फ्रान्झ लपला नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये तिसऱ्यांदा बोलावणं आलं. ठरलेल्या तारखेपेक्षा काही दिवस उशिरा, १ मार्चला तो एन्सला हजर झाला आणि त्याने तिथेच सांगितलं की मी शस्त्र घेऊन लढणार नाही. त्याला लिंझच्या लष्करी तुरुंगात टाकलं.

त्याच्यावर कलम लागलं ‘सैन्याचं मनोधैर्य खचवण्याचं’. पण पळपुटा असो की नकार देणारा, नाझी लष्करी न्यायालयाकडे दोघांसाठी एकच शिक्षा तयार असायची, मृत्युदंड.

याचं प्रमाण किती होतं? पहिल्या महायुद्धात जर्मन लष्करी न्यायालयांनी ४८ सैनिकांना प्रत्यक्ष मृत्युदंड दिला. दुसऱ्या महायुद्धात इतिहासकारांच्या अंदाजानुसार सुमारे ३०,००० जणांना ही शिक्षा सुनावली गेली आणि सुमारे २०,००० जणांच्या बाबतीत ती अमलात आली. त्यातले बरेच जण पळून गेलेले सैनिक होते.

पत्रांत काय आहे?

ही पत्रं वाचायला घेतली की वाटतं, पानोपानी युद्धाबद्दल मोठमोठे विचार असतील. तसं नाही. पत्रांवर सेन्सॉरची नजर होती, त्यामुळे राजकारणावर उघड लिहिणं धोक्याचं होतं. पण तेवढंच कारण नव्हतं. ही शेतकरी नवरा-बायकोची पत्रं आहेत.

शेतावर कुठलं काम चाललंय, कुठलं राहिलंय. मुली काय खोड्या करतात, बाबांची आठवण कशी काढतात. घरून पाठवलेल्या खाऊच्या पार्सलबद्दल आभार. आईची खुशाली. आणि दोघांनाही धीर देणारी प्रार्थना.

या रोजच्या गोष्टींमध्येच खरा पेच दिसतो. शेतीची कामं कुणासाठी थांबत नाहीत. घरातला कर्ता पुरुष तुरुंगात, आणि मागे बायको, सासू व तीन मुली. थोरली सहा वर्षांचीही नव्हती. पत्रातली प्रत्येक साधी बातमी फ्रान्झला हेच सांगत होती की तुझी इथे गरज आहे.

९ एप्रिल १९४३ रोजी लग्नाला सात वर्षं पूर्ण झाली. फ्रान्झ लिंझच्या तुरुंगात होता. तिथून त्याने लिहिलेल्या पत्रात या सात वर्षांच्या सुखाची आठवण आहे आणि त्याबद्दलची कृतज्ञता.

आणि फ्रान्झिस्का? सुरुवातीला तिनेही त्याचं मन वळवायचा प्रयत्न केला होता. पण सगळे त्याच्याशी वाद घालताहेत हे पाहिल्यावर ती त्याच्या बाजूने उभी राहिली. मीही साथ दिली नसती तर त्याला कुणीच उरलं नसतं, असं तिने पुढे अनेक वर्षांनी सांगितलं. फोटोतली पाटी म्हणत होती ‘लवकर या’, पण नवऱ्यावर दबाव टाकायचा नाही हे तिने ठरवलं होतं.

शेवटची वीस मिनिटं

मे १९४३ मध्ये फ्रान्झला बर्लिनच्या टेगेल तुरुंगात हलवलं. त्याने एक तयारी दाखवली होती. जखमींची सेवा करणाऱ्या पथकात काम करेन, पण बंदूक धरणार नाही. ते मान्य झालं नाही. ६ जुलैला त्याला मृत्युदंड सुनावला गेला.

त्याच महिन्यात फ्रान्झिस्का गावच्या पाद्र्यासोबत बर्लिनला पोहोचली. भेट मिळाली जेमतेम वीस मिनिटांची. बायकोला पाहून तरी हा माघार घेईल, अशी वकिलाची अपेक्षा होती. फ्रान्झने माघार घेतली नाही.

९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात गिलोटिनने त्याचा शिरच्छेद केला गेला. वय ३६. त्याच दिवशी त्याने घरी शेवटचं पत्र लिहिलं. १९४६ मध्ये त्याच्या अस्थी गावी आणून चर्चच्या भिंतीलगत पुरल्या गेल्या.

युद्ध संपलं, पण घरच्यांचं काय?

हिटलर हरला म्हणजे फ्रान्झ लगेच नायक ठरला असेल, असं वाटेल. तसं झालं नाही. गावातल्या अनेक घरांतले पुरुष आघाडीवर मेले होते. त्यांच्या दृष्टीने त्यांनी कर्तव्य केलं होतं. मग फ्रान्झ बरोबर होता असं म्हटलं, तर आपली माणसं कशासाठी मेली, हा प्रश्न उरायचा. त्यामुळे बोलणी खावी लागली ती फ्रान्झिस्काला. नवऱ्याला आवरलं नाही, हा तिच्यावरचा आरोप.

तिने सासूच्या सोबतीने शेती चालवली आणि मुली वाढवल्या. नवरा गावच्या चर्चची देखभाल करायचा, ते कामही तिने हाती घेतलं. विधवा म्हणून मिळणारी मदत आधी नाकारली गेली, ती १९५० मध्ये सुरू झाली.

आणि तिने पत्रं जपून ठेवली.

१९६४ मध्ये गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने फ्रान्झवर पुस्तक लिहिलं, तेव्हा बाहेरच्या जगाला तो कळला. पुढे एर्ना पुट्झ या ऑस्ट्रियन संशोधिकेने पत्रं आणि टिपणं संपादित करून प्रकाशित केली. २०१९ मध्ये दिग्दर्शक टेरेन्स मॅलिकने ‘अ हिडन लाइफ’ हा सिनेमा काढला.

कायद्यालाही वेळ लागला. फ्रान्झची शिक्षा बर्लिनच्या न्यायालयाने १९९७ मध्ये रद्द केली, म्हणजे मृत्युदंडानंतर ५४ वर्षांनी. पळून गेलेल्या सैनिकांच्या शिक्षा जर्मनीने २००२ मध्ये, तर ऑस्ट्रियाने २००९ मध्ये सरसकट रद्द केल्या. व्हिएन्नात अशा सैनिकांचं स्मारक उभं राहिलं ते २०१४ मध्ये. तोवर त्यांच्यातले बहुतेक जण आणि त्यांच्या बायका हयात नव्हत्या.

फ्रान्झिस्काला मात्र यातलं बरंच पाहता आलं. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझच्या कॅथेड्रलमध्ये कॅथलिक चर्चने फ्रान्झला ‘धन्य’ घोषित केलं. संतपदाच्या आधीची ही पायरी. एकेकाळी याच शहरातल्या बिशपने त्याला घरच्यांचा विचार करायला सांगितलं होतं. या सोहळ्याला ९४ वर्षांची फ्रान्झिस्का हजर होती.

मार्च २०१३ मध्ये, शंभरावा वाढदिवस झाल्यावर काही दिवसांतच ती गेली. फ्रान्झ गेल्यावर जवळपास सत्तर वर्षं ती जगली, आणि त्यातली पहिली कित्येक वर्षं ‘त्या पळपुट्याची बायको’ म्हणून.