जुन्या मोटारीची गेलेली कांति

ज्याचें आयुष्य धातुरूपावलि घोकण्यांत व घोकविण्यांत गेलें, त्यानें मोटारीच्या रंगावर लेखणी चालवावी, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु जुनी मोटार ही आतां अनेक कुटुंबांत घरच्या माणसासारखीच झाली आहे. आणि तिच्या अंगावर पोपडे दिसूं लागले म्हणजे घरांत जो वाद माजतो, तो आम्हीं नुकताच अनुभवला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची लहानशी चंदेरी मोटार थोरल्या बंधूंनीं २००४ सालीं घेतली. २०१८ सालीं ते निवर्तले. गाडीचें यंत्र धडधाकट असल्यामुळें पंधरा वर्षांनंतर तिच्या नोंदणीचें नूतनीकरणही झालें. पण बॉनेटवर व टपावर पांढुरक्या कडांचे डाग पडले, आणि पाहतां पाहतां ते तळहाताएवढे झाले. "गाडीला कोड फुटलें, आतां विकून टाका," असा धाकट्या बंधूंनीं सल्ला दिला. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, यंत्र थकलें तर खुशाल विका, पण नुसतें कातडें गेलें म्हणून नको." त्या दिवसापासून मी हा विषय अभ्यासास घेतला.

प्रथम रोगाचें निदान. १९२३ सालीं अमेरिकेंत ड्युपाँट कंपनीनें 'ड्युको' नांवाचा लवकर वाळणारा रंग काढला, व १९२४ च्या ओकलंड मोटारी त्यानें रंगविल्या गेल्या. आपल्याकडे फवाऱ्यानें मारलेल्या रंगास अजूनही 'ड्युको' म्हणतात, तें नांव तेथूनच आलें. त्या रंगांत चकाकी रंगाचीच असे. तो मंद झाला कीं घासून पुन्हां उजळतां येई. पुढें, विशेषतः १९८० नंतर, निराळी पद्धति रूढ झाली. पत्र्यावर अस्तर, त्यावर पातळ रंगाचा थर, आणि सर्वांवर पारदर्शक लेप, ज्यास कारागीर 'क्लिअर' म्हणतात. चकाकी असते ती या लेपाची. खालचा रंग स्वभावतः निस्तेजच असतो. हा लेप साधारणतः ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ असतो. सूर्याचे अतिनील किरण अडविणारीं द्रव्यें त्यांत मिसळलेलीं असतात, परंतु तीं वर्षानुवर्षें खर्ची पडतात. मग किरण खालीं पोंचतात, लेपाची रंगावरील पकड सुटते, भेगांतून पाणी शिरतें व पोपडे उठतात. ऊन सरळ पडतें तें टपावर व बॉनेटवर. म्हणून रोगाचा प्रारंभही तेथेंच होतो.

हें न जाणल्यामुळें मीं दोन चुका केल्या. एक, जुन्या संवयीनें पॉलिश घेऊन डाग घासले. फडकें करडें झालें, कारण निघत होता तो उघडा पडलेला रंगच. नुसता मंदपणा असेल व लेप अखंड असेल, तर पॉलिशचा उपयोग होतो. पोपड्यावर मात्र कांहीं इलाज चालत नाहीं. दुसरी चूक अधिक मोठी. डबींतील पारदर्शक रंग आणून मीं तो पोपड्यांच्या कडांवरच फवारला. आठ दिवस गाडी नवी दिसली. एका उन्हाळ्यांत नवा थर जुन्या थरास घेऊन उठला. जो स्वतःच सुटला आहे, त्यावर चिकटविलेलें टिकणार कसें? एवढें मला वर्गांत मुलांस विचारतां आलें असतें. स्वतःस विचारण्याचें सुचलें नाहीं.

मग पुतण्यास हाताशीं घेऊन काम रीतसर आरंभिलें. गाडी सावलींत, पत्रा गार असतांना साबणाच्या पाण्यानें धुऊन कोरडी केली. प्लॅस्टिकची पातळ पट्टी जवळजवळ आडवी धरून सुटे पोपडे उचलले. पट्टी खुपसली नाहीं. नंतर कडेवर मास्किंग टेप दाबून एका झटक्यांत ओढावी. टेपेबरोबर कण आले, तर घट्ट कड अजून लागली नाहीं असें समजावें. आमच्या बॉनेटवर डाग होता तळहाताएवढा. घट्ट कड लागेपर्यंत अर्धें बॉनेट उघडें पडलें. पुतण्या घाबरून म्हणाला, "काका, आतां पुरे करूं या." मीं म्हटलें, "बाबा, आपण वाढविलें नाहीं. होतें तें दिसलें."

त्यानंतर गुटक्यावर ४०० नंबरचा पाण्याचा पॉलिशपेपर गुंडाळून कडा उतरत्या केल्या. घासतांना पाणी पांढरें येतें तोंवर लेप निघत असतो; त्यांत रंग दिसला कीं हात आवरावा. घड्या व कोपरे यांवर रंग सर्वांत पातळ असतो, तेथें जोर देऊं नये. कडेवरून नख फिरविलें असतां अडकलें नाहीं, म्हणजे कड साधली. शेवटीं ८०० नंबरनें सर्व बॉनेट, चांगला लेप असलेला भागसुद्धां, मंद केलें. कारण गुळगुळीत पृष्ठावर नवा थर धरत नाहीं. कोठें पत्रा उघडा पडलाच, तर त्यास त्याच दिवशीं अस्तर द्यावें, नाहीं तर गंज चढतो.

येथें आम्हीं थांबलों. टिकाऊ लेपांत जें हार्डनर मिसळतात, त्यांत आयसोसायनेट जातीचीं द्रव्यें असतात. त्यांच्या फवाऱ्यानें दमा जडूं शकतो, व तोंडावरचा साधा कपडा त्यांस अडवीत नाहीं. कारागिरास बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो. शिवाय थिनरची वाफ पेट घेणारी, आणि आमच्या घरांत देवघरांतला नंदादीप अखंड. मुलेंबाळें असलेल्या घरांत हा प्रयोग करूं नये. खरवडण्याची मेहनत घरीं, रंग व लेप कारखान्यांत, असा आम्हीं विभाग केला. कारागिरास एकच अट घातली: लेप मधेंच न थांबवितां बॉनेटच्या कडेपर्यंत न्यावा, कारण मध्यें सोडलेली शिवणच पुढें पुन्हां उठते.

नव्या लेपास महिनाभर मेण लावूं नये, पक्ष्यांची विष्ठा तत्काळ धुवावी, आणि धुळीच्या गाडीवर आच्छादन ओढूं नये, इतकें पथ्य आम्ही पाळलें.

गाडी अंगणांत आली तेव्हां वहिनींनीं बॉनेटवरून एकदां हात फिरविला, मग वर पाहून म्हणाल्या, "आणि टपाचें केव्हां?" पाऊस संपला कीं टपास हात घालावयाचा आहे. या खेपेस टेप आधीं आणून ठेवली आहे.