पोढीतलं पाणी

आर्मेनियातल्या येरेवानहून सकाळी निघालेला प्रवासी गार्नीचं देऊळ आणि गेगार्डचा मठ पाहून संध्याकाळी मुक्कामाला परततो. गार्नीचं देऊळ बेसॉल्टचं, म्हणजे आपल्याच काळ्या पाषाणाचं. १६७९च्या भूकंपात ते कोसळलं आणि विसाव्या शतकात पुन्हा उभं राहिलं. गेगार्डची काही दालनं डोंगर कोरून काढलेली आहेत आणि त्यांतल्या एकात खडकातून झरा वाहतो. त्या झऱ्याबद्दल वाचलं आणि मला कान्हेरी आठवली. बोरिवली ते अंधेरी एवढ्या पट्ट्यात असे मठ आणि अशी देवळं आपल्याकडेही आहेत, तीही एका दिवसात पाहून होतील अशी. गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी ती सगळी ओळीने पाहायची ठरवली.

कान्हेरीसाठी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं फाटक उघडताच आत शिरावं. सोमवारी ते बंद असतं. कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास सुरू झालेली वस्ती इथे जवळपास हजार वर्षं नांदली. सगळे जण तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापाशी थांबतात आणि थांबावंच. ओसरीच्या दोन्ही टोकांना उभे असलेले सुमारे सात मीटर उंचीचे बुद्ध पाहिले की आवाज आपोआप खाली येतो. पण माझा जीव रमतो तो वरच्या पायऱ्यांवर. तिथे जवळजवळ प्रत्येक विहाराच्या दाराशी पाण्याचं टाकं आहे. शिलालेखांतला त्याचा शब्द ‘पोढी’. कातळावर बोटभर रुंदीच्या पन्हळी खोदल्या आहेत. पावसाचं पाणी त्यांतून वळत वळत टाक्यात उतरतं. चार महिने कोसळणारा पाऊस उरलेल्या आठ महिन्यांना पुरवायचा, हा हिशेब त्या छिन्नीला पक्का ठाऊक होता. आणि या पोढ्या राजांनीच दिल्या असंही नाही. एक कल्याणच्या सोनाराने दिली. कल्याण, सोपारा, चौल इथले व्यापारी आणि कारागीर आपापल्या ऐपतीप्रमाणे खोल्या, बाकं, टाकी दान करत होते. कुणी तहानलेला भिक्षू आपल्या नावाचं पाणी पिईल, एवढंच त्या दानाचं फळ. मला ते फार मोठं वाटतं.

नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. इथे येऊन गेलेल्या पारशांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत. दुसऱ्याचं पवित्र स्थळ पाहायला मुद्दाम डोंगर चढून येण्याची रीत या साष्टी बेटावर हजार वर्षं जुनी आहे.

मंडपेश्वर बोरिवली-दहिसरच्या पश्चिमेला, रस्त्याला लागूनच. सहाव्या शतकाच्या सुमाराचं हे शैव लेणं. आत नृत्यमग्न शिव आहे, झिजलेला, तरी कमरेची लय शाबूत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी लेण्याचं प्रार्थनास्थळ केलं आणि माथ्यावर मठ व चर्च बांधलं. एका भिंतीवर आजही मोठा क्रूस आहे. १७३९मध्ये मराठ्यांनी वसई घेतली आणि साष्टीतली पोर्तुगीज सत्ता संपली. आज वर छप्पर नसलेल्या भिंती, खाली लिंगाची पूजा. दोन्ही भक्तींच्या खुणा एकाच कातळावर आहेत आणि त्या दोन्ही जपायला हव्यात.

अंधेरीच्या महाकाली लेण्यांचं जुनं नाव कोंडिविटे. लेणी एकोणीस. नववं चुकवू नये: दालनाच्या आत आणखी एक गोल घुमटी खोली कोरली आहे, तिला दगडी जाळ्या आहेत आणि आत स्तूप आहे. जाळीला डोळा लावला की अंधार हळूहळू गोलाकार होत जातो. बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती.

तिथून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने जोगेश्वरी गाठली. उपनगराला नाव देणारं हे लेणं सहाव्या शतकातलं, देशातल्या सर्वांत मोठ्या हिंदू लेण्यांपैकी एक. पायऱ्या उतरून खाली जावं लागतं आणि मग लांबच लांब मंडप. खडक मऊ, त्यामुळे द्वारपालांचे चेहरे ओळखू येईनासे झाले आहेत. पण झीज नुसत्या काळाची नाही. लेण्याच्या माथ्यावर आणि भोवताली वस्ती दाटली आहे. त्या दिवशीही छताला ओल होती, एका खांबाच्या पायाशी पाणी साचलं होतं आणि त्याला वास होता. सकाळी कान्हेरीला पाहिलेल्या त्या बोटभर पन्हळी डोळ्यांसमोर आल्या. पाणी हवं तिथे नेणं आणि नको तिथून वळवणं या एकाच विद्येच्या दोन बाजू आहेत. सोनाराच्या पैशातून एक साधली होती, दुसरी आपल्या काळाला अजून साधायची आहे. माथ्यावरचं सांडपाणी आधी बाजूला काढल्याशिवाय खाली केलेली कुठलीही डागडुजी टिकणार नाही, हे तिथे पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं.

गाभाऱ्यात देवीपुढे दिवा लागला होता. पूजा करून निघालेल्या एका आजींनी साडीचा काठ उचलून ते डबकं ओलांडलं, मागे वळून मला म्हणाल्या, “जपून हो बाळा, निसरडं आहे.”