मायनरला समाजकार्य घ्यावे का?

उमरखेडमध्ये बी.ए. किंवा बी.कॉम.चा प्रवेश अर्ज भरताना मेजर विषय बहुतेकांचा ठरलेला असतो. गाडी अडते ती मायनरच्या रकान्यापाशी. मग मैत्रिणीने जे घेतले तेच आपणही घ्यायचे! थोडे थांबा. लोकांच्या अडचणींत काम करायची आवड असेल, तर हा रकाना महत्त्वाचा आहे.

मायनर म्हणजे किती अभ्यास?

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. पदवीच्या साधारण १२० ते १३२ क्रेडिटपैकी १८ ते २० मायनरचे असतात. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. विषय कोणते, हे महाविद्यालयाच्या यादीवर ठरते. यादीत समाजकार्य नसेल, तर समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा गृहअर्थशास्त्र हे जवळचे पर्याय आहेत.

इथे त्याचा उपयोग काय?

एक उदाहरण पाहा. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात सरकार कुटुंबाला १ लाख रुपये देते. त्यातले ३० हजार लगेच मिळतात, ७० हजार ठेवीत राहतात. पण त्याआधी प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे ‘पात्र’ ठरावे लागते. जमीन कुटुंबात कोणाच्या नावावर? कर्ज बँकेचे, सोसायटीचे, परवानाधारक सावकाराचे, की हातउसने? हातउसन्याला कागद नसतो आणि प्रकरण तिथेच अडकते. घरात सुतक असताना सातबारा आणि बँकेचे पत्र कोण गोळा करणार? जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ इथून शंभरएक किलोमीटरवर. एका फेरीत मजुरीचा दिवस बुडतो.

अशा घरात कसे जावे, काय विचारावे आणि काय अजिबात विचारू नये, ऐकलेले गावात का बोलू नये, हे शिकावे लागते. समाजकार्यात त्याला व्यक्तिकार्य म्हणतात. नुसती कळकळ असून भागत नाही. चुकीचा अर्ज भरून देणारा कळवळ्याचा माणूस कुटुंबाचे महिने वाया घालवतो. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सरकारचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आहे, ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तो क्रमांक योग्य वेळी योग्य माणसाच्या हाती देणे, हेही कामच.

नोकरी मिळेल का?

मायनर म्हणजे बी.एस.डब्ल्यू. नव्हे, हे आधीच समजून घ्या. सरकारी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) अशा पदाला समाजकार्याची पदव्युत्तर पदवी लागते. तिथे मायनर चालत नाही. पुढे एम.एस.डब्ल्यू. करायचे असेल, तर मात्र पाया तयार होतो. त्यासाठी यवतमाळचे सावित्री ज्योतिराव समाजकार्य महाविद्यालय जवळ आहे. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचे केंद्र आहे. बी.कॉम.वाल्यांनाही फायदा आहे: स्वयंसेवी संस्थांना हिशेब कळणारी आणि वस्तीत जाऊन बोलू शकणारी व्यक्ती हवी असते. पगार सुरुवातीला बेताचाच असतो, हे घरी आधी सांगून ठेवा.

प्रवेशाआधी काय विचाराल?

एकच प्रश्न पुरे: क्षेत्रकार्य कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली होते? उत्तर ‘फाइल जमा करायची’ असे आले, तर दुसरा विषय पाहा. आशा सेविकेसोबत गृहभेटी, तहसीलच्या संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावरचे काम, अंगणवाडीतल्या नोंदी, असे काही ऐकायला मिळाले, तर रकाना भरून टाका.