जोडीच्या सशाला टक्कल का पडते?

घरी पाळलेल्या सशांच्या जोडीतील एकाच्या डोक्यावर, मानेवर किंवा पाठीवर टक्कल दिसू लागले की घरची मंडळी काळजीत पडतात. कोणी म्हणते रोग झाला, कोणी म्हणते दुसरा ससा त्रास देतो, त्याला वेगळा करा. दोन्ही गोष्टी शक्य आहेत. पण खात्री करून घेतल्याशिवाय उपाय केला तर फायद्यापेक्षा तोटाच अधिक होतो. म्हणून आधी कारण शोधावे, मग इलाज करावा.

एकमेकांना चाटणे हा स्वभाव आहे

आपल्या रानात दिसणारा ससा एकटा राहणारा प्राणी. पाळीव ससा त्याचा वंशज नव्हे. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडील रानटी ससे. ते बिळे खोदून कळपाने राहतात. त्यामुळे पाळीव सशाला सोबत लागते आणि सोबत्याचे डोके, कान व डोळ्यांच्या कडा चाटणे ही त्याची माया दाखवण्याची रीत असते. एक ससा मान जमिनीला टेकवून दुसऱ्यासमोर बसला म्हणजे ‘मला चाट’ असे तो सांगत असतो. हे चाटणे रोज चालले तरी त्यात काही वावगे नाही. केस तुटू लागले, मिशा आखूड झाल्या किंवा कातडी लाल दिसू लागली, की मर्यादा ओलांडली असे समजावे.

कोण कोणाचे केस काढतो?

टक्कल कोठे आहे ते पाहावे. डोक्याचा माथा आणि मानेची मागची बाजू येथे सशाचे स्वतःचे तोंड पोहोचत नाही. तेथील केस गेले असतील तर ते बहुधा जोडीदाराने चावले असतात किंवा तेथे कीड झालेली असते. पोट, कुशी व पुढचे पाय येथील केस ससा स्वतःही ओढू शकतो. जोडीदाराने कुरतडलेले केस कातरीने कापल्यासारखे आखूड तुटलेले दिसतात आणि खालची कातडी स्वच्छ असते. अशा जोडीत ज्याची लव भरगच्च आहे तोच कुरतडणारा असतो. जमिनीवर केसांचे झुबके पडलेले असतील आणि पाठलाग चालू असेल तर मात्र ते भांडण आहे.

रोगाची शंका केव्हा घ्यावी?

काळ्या कागदावर सशाला धरून कंगव्याने केस विंचरावे. पडलेला पांढरा कोंडा हळूहळू हलताना दिसला तर ती केसांतील बारीक कीड होय. ती माणसालाही चावते व खाज आणते. गोल चट्टे आणि खवले दिसले तर गजकर्ण असू शकते. तेही माणसाला, विशेषतः मुलांना लागते. अशा वेळी ससा हाताळल्यावर साबणाने हात धुवावे.

जोडीदार एकाच डोळ्याभोवती सारखा चाटत असेल तर त्याला दोष देऊ नये. त्या डोळ्यातून पाणी येत असते म्हणून तो चाटतो. डोळा किंवा दातांची मुळे दुखत असल्याची ती पहिली खूण ठरू शकते.

मादीने छाती व पोटावरचे केस उपटून, तोंडात गवत धरून घरटे करायला घेतले तर ती गाभण असेल किंवा तिला खोटे गाभणपण आले असेल. दोन माद्या एकत्र असल्या तरी असे होते. खोटे गाभणपण साधारण १६ ते १८ दिवसांत ओसरते. तोवर तिचे घरटे मोडू नये.

खरे कारण बहुधा चाऱ्यात

रोग नसेल तर बहुतेक वेळा चारा कमी, जागा अपुरी आणि दिवसभर उद्योग नाही, अशी स्थिती आढळते. रानातला ससा दिवसाचे कित्येक तास चरतो. वाटीभर गोळीखाद्य दहा मिनिटांत संपले की पाळीव सशाच्या तोंडाला काम उरत नाही. मग तो सोबत्याचे केस चघळू लागतो. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. वाळलेले गवत अष्टौप्रहर समोर असावे. आहाराचा ८० टक्के किंवा अधिक भाग गवताचाच हवा. हरळी चालते, औषध फवारलेले गवत मात्र कधीही देऊ नये. लसूणघास मोठ्या सशाला रोज देऊ नये.

२. गोळीखाद्य वजनाच्या दर किलोला दिवसाकाठी सुमारे २५ ग्रॅमपेक्षा अधिक नको. पाव, बिस्कीट व भात बंद करावा.

३. गवत दोन-तीन ठिकाणी, पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबून ठेवावे. पेरूच्या डहाळ्या कुरतडायला द्याव्यात.

४. जोडीला निदान ३ मीटर लांब व २ मीटर रुंद मोकळी जागा, दोन वाट्या, आणि दोन तोंडे असलेली दोन लपायची खोकी असावीत.

५. केस गळण्याच्या दिवसांत दोघांनाही रोज विंचरावे. सुटे केस कमी असले की ओढणेही कमी होते.

६. नर-मादी दोघांचीही प्रजनन बंद करणारी शस्त्रक्रिया सशांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून करून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर नर काही आठवडे पिले देऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

काय करू नये?

कडुनिंबाचे तेल, मिरची किंवा रॉकेल केसांना लावू नये. ते सारे चाटले जाऊन पोटात जाते. सशाला अंघोळ घालू नये. कुत्र्यांच्या गोचिडांवरील फिप्रोनिल हे औषध सशाला विषासमान आहे. पेनिसिलिनच्या जातीची औषधे तोंडावाटे दिल्यास ससा दगावू शकतो. म्हणून घरातले उरलेले औषध देऊ नये.

जोडी एकदम तोडू नये. काही दिवस पूर्ण वेगळे ठेवलेले ससे पुन्हा भेटल्यावर एकमेकांना ओळखीचे मानतीलच असे नाही. रक्त निघेपर्यंत भांडतात. कातडीला जखम असेल तर मधे जाळी घालून शेजारी शेजारी ठेवावे, म्हणजे वास व नजर तुटत नाही. दवाखान्यात न्यायचे झाले तर दोघांनाही बरोबर न्यावे.

ताबडतोब धावपळ केव्हा?

केस पोटात जाणे हे सशाला नवे नाही. पण मांजराप्रमाणे त्याला उलटी करता येत नाही. चारा व पाणी कमी पडले की आतडे मंदावते आणि केस साचतात. लेंड्या बारीक झाल्या किंवा केसांनी माळेसारख्या जोडलेल्या निघू लागल्या तर गवत व पाणी वाढवावे. १२ तास ससा खात नसेल किंवा लेंड्या बंद असतील तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसून अळ्या पडतात. तेथेही एक दिवसाचा उशीर महाग पडतो.

जवळच्या गुरांच्या दवाखान्यात सशाचा अनुभव नसला तर महू, आणंद व हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे चौकशी करावी.

कातडी स्वच्छ, भूक चांगली, लेंड्या टपोऱ्या आणि दोघे एकमेकांना टेकून झोपत असतील, तर थोडे आखूड केस राहिले म्हणून जिवाला धोका नाही. अशा वेळी गवत भरपूर घालावे, आठवड्यातून एकदा केस बाजूला सारून कातडी तपासावी, आणि जोडी सुखाने नांदू द्यावी.